ग्रामपंचायतीला पहिल्यांदाच उभी आहे, घरोघर फिरताना किती माणसं न्यावीत?

ताई, तुम्ही विचारलंय की सोबत किती माणसं न्यावीत आणि दारात गेल्यावर बोलावं काय. माझ्या मते एक बाई पुरे, आणि बोलायचं कमीच.

मी 2022 च्या डिसेंबरात उभी होते. पाटण तालुका, ढेबेवाडी खोरं, वॉर्डातली स्त्री राखीव जागा. पहिल्या संध्याकाळी आमचे हे, दोन दीर, पॅनेलप्रमुख आणि मफलरवाली पोरं असा दहा-बारा जणांचा घोळका निघाला. बोलणारे पुरुष, ऐकणारे पुरुष. मी आपली पदर सावरत तुळशीपाशी. हात जोडायची वेळ आली की मला पुढं करायचे. तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं सरळ विचारलं, "आन् ह्यातलं उबं कोण ऱ्हायलंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी आणि जाऊबाई, दोघीच. चपला काढायच्या आणि थेट चुलीपाशी बसायचं. दिवसा जाऊ नका, बायका रानात असतात. डेअरीला दूध घालून झालं की पुढचे दीड-दोन तास आपले. चहाला नाही म्हणू नका, "घोटभर द्या" म्हणा. एका रात्री मी चौदा घरचा घोटभर चहा प्यायले, मग झोप कसली येतेय!

तोंडावर नाही कुणीच म्हणत नाही. "तुमालाच की वैनी" असं पटकन म्हणणाऱ्या घरापुढं मी यादीत प्रश्नचिन्ह करायचे. गटारावरून भांडणारं घर मात्र बऱ्याचदा आपलं निघतं. ज्याला मत द्यायचंच नाही तो तुमच्याशी कशाला तोंड वाजवेल? (भावकीत हा हिशोब चालत नाही, तिथं भांडणच खरं असतं.)

यादी कायम हातात ठेवा. आमच्याकडं कित्येक घरं नवी मुंबईतल्या माथाडीच्या पगारावर चालतात, त्यामुळं "आमची चार मतं कोपरखैरण्याला हायती" हे दर दोन घरांआड ऐकू येतं. त्यांचे नंबर घरातल्या आजीकडं मिळतात, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेनानं लिहिलेले. तिथूनच फोन लावा, आधी आजीला बोलू द्या, मग तुम्ही. गाड्या भरून माणसं आणायच्या भानगडीत पडू नका, ते कायद्यात बसत नाही.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरपंच थेट जनतेतून, वर वॉर्डात तीन जागा, म्हणजे एका माणसानं चार बटणं दाबायची. म्हातारी माणसं एक दाबून निघतात. चारही मतं झाल्याशिवाय मशीनची शिट्टी वाजत नाही, मग केंद्रावर गोंधळ. मी पुठ्ठ्यावर चार रकाने आखून नेले होते. एका आजीनं चारही ठिकाणी माझंच चिन्ह शोधलं आणि सापडेना म्हणून माझ्यावरच चिडल्या. त्या घरात अर्धा तास गेला, पण त्यांच्या दोन्ही सुनांनीही शेजारी बसून बटणं दाबून बघितली.

चहापाणी, पत्रकं, पेट्रोल सगळं रोज रात्री वहीत लिहा. आलात काय, पडलात काय, निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो.

मी 11 मतांनी आले. "उबं कोण" विचारणाऱ्या म्हातारीनं मत कुणाला टाकलं, अजून पत्ता नाही. विचारलं की म्हणते, "आदी नळाचं बग."