रोजच्या धावपळीत छोटे छोटे आनंद तुम्ही कसे टिपता, आणि ते कुणाला सांगता का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सांगायला गेलं की लोक म्हणतात, त्यात काय एवढं!" माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. आनंद दिसायला फारसा वेळ लागत नाही. तो मनापासून ऐकून घेणारं एक माणूस लागतं. ते मिळालं की बघायची सवय आपसूक लागते.

माझं ते माणूस म्हणजे आई. ती साताऱ्याला, मी डोंबिवलीला. संध्याकाळी फोन असतोच, पण "जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का" यापलीकडे आमचं बोलणं जायचं नाही. एकदा ती सहज म्हणाली, परसातल्या अंजिराच्या पानात शिंपी पक्ष्याने घरटं शिवलंय. मी विचारलं, "शिवलंय म्हणजे नक्की कसं?" आणि आई सुटलीच! पानाच्या दोन्ही कडांना चोचीने भोकं पाडलीत, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचे तंतू आणि कापसाचे धागे ओवलेत. पान देठाला तसंच हिरवंगार, त्यामुळे शेजारी उभं राहिलं तरी आत घरटं आहे हे कळत नाही. "आणि कापूस कुठला माहितीये? मी ओसरीवर वाती वळत बसते ना, तिथला पळवतोय!" इतकी खुललेली आई मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "आज काय दिसलं?" मग दिवसभर माझेही डोळे उघडे राहतात. परतीच्या लोकलमध्ये एक काकू मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या. समोर दाराशी लटकून दमलेली एक कॉलेजची मुलगी उभी होती. काकूंनी काही न बोलता मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले, आणि पुढच्या स्टेशनला ती पोरगी त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला लागली. हे आईला सांगितलं तर तिने विचारलं, "दाणे गोड होते का गं?" असा प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं.

याचा अभ्यासही झालाय. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांवर काम केलं. आपली चांगली बातमी ऐकून समोरचा काय करतो, याचे त्यांनी चार प्रकार मांडले: उत्साहाने पुढचं विचारणं, नुसतं "छान" म्हणणं, त्यात खोट काढणं आणि विषयच बदलणं. नात्यातलं समाधान पहिल्या प्रकाराशी जोडलेलं आढळलं. "छान" म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्या "छान"ने बोलणं तिथेच थांबतं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की अंगठे येतात आणि विषय संपतो, तसंच ते.

ऐकायला कुणीच नसेल तर वही घ्या. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहिलं. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. त्यातलं ते "का" सोडू नका. "आज बरं वाटलं" एवढंच लिहिलं तर आठवड्याने त्यातलं काही आठवत नाही. मटाराचे दाणे आठवतात.

मात्र स्वतःवर सक्ती करू नका. बाबा दवाखान्यात होते तेव्हा आई विचारायची आणि मी "आज काही नाही गं" म्हणायचे. ती म्हणायची, "बरं, उद्या." तेवढं पुरायचं.

तुमच्या ओळखीत उलट प्रश्न विचारणारं कोण आहे, ते आधी आठवून बघा. बहुतेक वेळा ते माणूस आपल्या वयाचं नसतं. एखादी आजी, शेजारचं पोर, सोसायटीतले वॉचमनकाकासुद्धा असू शकतात. आणि कुणीच आठवलं नाही, तर आज कुणी तुम्हाला काही सांगितलं की "मग पुढे काय झालं?" असं तुम्हीच विचारा.