सहा महिन्यांत कुटुंबासह केनियाला मिशनरी म्हणून निघता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला पाचारण झालंय, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलंय, पत्नी पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. पैसे मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, पाठवेल. केनियाचं जमेपर्यंत नेपाळात सेवा करायची, कारण तिथे व्हिसा लागत नाही. सहा महिने पुरतील का?

नाही पुरणार, निदान वर्ष धरा. पण मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या प्रश्नात पत्नीचं मत कुठेच नाही.

मिशनरी निवडून पाठवणाऱ्या आमच्या चर्चच्या मिशन कमिटीत मी याच मुद्द्यावर भांडत आलोय. पाळकसाहेब आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, समोर बसतात, नवऱ्याची साक्ष तासभर ऐकतात आणि उठता उठता बाईंना विचारतात, "ताई, तुमची तयारी आहे ना?" सगळ्यांसमोर कोण नाही म्हणेल? तिला वेगळं बोलवा, नवरा बाहेर. विचारणारी बाईच हवी, आणि प्रश्न रोखठोक हवेत: नोकरी सोडल्यावर पेन्शनचं काय, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी कोण बघणार, परत यायचं कधी हे कोण ठरवणार? चर्चमध्ये मिशनकार्यासाठी पाळल्या जाणाऱ्या मिशन रविवारी विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव हमखास निघतं. त्यांच्या पत्नी डोरोथीला मुळात यायचंच नव्हतं. १७९३ साली ते कुटुंब बंगालात उतरलं, पुढच्याच वर्षी मुलगा पीटर गेला आणि बाईंचं मन ढासळलं ते १८०७ साली मरेपर्यंत सावरलं नाही. हे मात्र व्यासपीठावरून कोणी सांगत नाही.

कागदावरही तेच होतं. केनियात मिशनरी कामासाठी आय वर्गाचं परमिट असतं, अर्ज तिथल्या यजमान मंडळीमार्फत होतो. बायको-मुलांना डिपेंडंट पास मिळतो आणि त्या पासवर नोकरी करता येत नाही. म्हणजे इथे वॉर्ड सांभाळणारी नर्स तिथे नुसती मिशनरीची बायको. तिला काम करायचं असेल तर तिचं वेगळं परमिट आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी मागवावी लागते.

बाकी कागद. चर्चमधून मिळालेल्या लग्नाच्या दाखल्यावर विसंबू नका, रजिस्ट्रारचा दाखला काढा. मुलांच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा नाही ना ते बघा. बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेत दुसरं, पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं, हा आपल्या घरांतला नेहमीचा घोळ; तो निस्तरल्याशिवाय मंत्रालयातल्या साक्षांकनाच्या रांगेत उभं राहू नका. त्यानंतर परराष्ट्र खात्याचा शिक्का. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, सगळ्यात शेवटी. लवकर काढला तर शिळा होतो आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचं कार्ड परतताना लागतं. नसेल तर मुंबई विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मुलीला नववी-दहावीच्या मधूनच उचलू नका. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये. दहावी होऊ द्या. मुलाचं तिसरीत कुठेही जमेल.

पैशांबद्दल "मंडळी पाठवेल" एवढं म्हणून भागत नाही. मंडळी म्हणजे धर्मादाय ट्रस्ट असेल तर त्याचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केल्यावर, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी नसेल तर, त्यावरची करसवलत जाते. खजिनदाराला आधी सीएकडे पाठवा. पाठबळ देणारे लोक आपापल्या खात्यातून, पॅनवर, बँकेच्या एलआरएस फॉर्मने (व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवू शकतात.

नेपाळचा विचार सोडा. व्हिसा लागत नाही म्हणजे सुवार्ताप्रसाराची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराची, मुभा आहे असं नाही. तिथल्या दंडसंहितेत धर्मांतर घडवण्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत हाकलतात. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली कंपनी सरकारची नाराजी पत्करून मुंबईत उतरले होते, हा दाखला कोणीतरी देईलच. देऊ द्या. तुमच्याबरोबर दोन मुलं आहेत.

परमिटचे नियम बदलत असतात, तेव्हा यजमान मंडळीकडून ताजी यादी लेखी मागवा. आणि पत्नी स्वतःहून निघाली असेल तर माझं भांडण तुमच्याशी नाही, आमच्या कमिटीशी आहे. तसं असेल तर तिच्या नर्सिंगच्या कागदांपासून सुरुवात करा, बाकीचे त्यामागून.