रंगमंच : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं हौशी नाट्यमंडळ ‘साउंड ऑफ म्युझिक’मधले दोन प्रसंग मराठीत बसवतंय. तालमीत बॅरोनेस एल्सा नुसती कैदाशीण वाटते. तिच्याबद्दल प्रेक्षकांना सहानुभूती कशी वाटेल? (एक वाचक, वाशी)

खापर नटीवर फोडू नका. गोष्ट थोडक्यात अशी : विधुर कॅप्टनशी लग्न करू पाहणारी श्रीमंत सरदारबाई (बॅरोनेस) एल्सा, आणि त्याची सात मुलं सांभाळायला आलेली मारिया, जिच्यावर त्याचं मन जडतं. संगीतिकेत जिला गाणं नाही, तिच्या मनात प्रेक्षक शिरणार कुठून? १९५९च्या ब्रॉडवेवरच्या नाटकात एल्सा दोन गाण्यांत होती. १९६५च्या सिनेमात ती दोन्ही गाळली. सिनेमातली एल्सा, एलिनॉर पार्कर, जवळजवळ तीन तासांत एक ओळही गात नाही. नाटकात एल्सा आणि कॅप्टनचं फाटतं ते राजकारणावरून. नाझींशी जुळवून घ्यावं असं तिचं म्हणणं, कॅप्टनला ते मंजूर नाही. आणि कॅप्टनचं मन मारियाला सांगते ती त्याची छोटी मुलगी ब्रिगिटा. सिनेमाने ते काम बॅरोनेसच्या गळ्यात घातलं. गाणी गेली, वर ही चलाखी पदरात आली.

म्हणून मारियाच्या खोलीतला प्रसंग सौम्य ठेवा. कॅप्टनची नजर तुझ्यावरून हलत नव्हती, हे बॅरोनेस खरंच सांगते. बोलताना तिचे हात मारियासाठी फ्रॉक निवडण्यात गुंतलेले असू द्या. मारियाची पाठ फिरताच प्रेक्षकांकडे बघून कुत्सित हसणं हौशी प्रयोगांत हमखास येतं. ते पहिल्याच तालमीत काढा.

खरी परीक्षा गच्चीतल्या प्रसंगात. लग्नाची भेट काय द्यावी, पेन, व्हिला की यॉट, अशी ती बडबडत राहते, कारण तो काय सांगणार हे तिला कळलेलं असतं. ही वाक्यं भरभर हवीत. (व्हिलाचा अलिबागचा बंगला करू नका, हशा येईल आणि पुढचं सगळं वाहून जाईल.) कॅप्टन चुकल्यासारखा बोलू लागला की तिने त्याला तोडायचं, तीन सेकंद थांबायचं आणि मग म्हणायचं, की तूच माझ्यासाठी योग्य नाहीस, मला माझी गरज असलेला माणूस हवा, निदान माझ्या पैशांची तरी. ही थाप त्याची लाज राखण्यासाठी आहे. इथे नटी रडली की प्रेक्षकाला रडायचं कारण उरत नाही. कॉलर माइक हारापासून चार बोटं दूर लावा, नाहीतर त्या तीन सेकंदांत खडखडच ऐकू येईल.

प्रश्न : मुलांना बोर्डिंगात धाडण्याचा तिचा संवाद कापावा का? (तोच वाचक)

नको. तो ती कॅप्टनच्या मित्राला, मॅक्सला, ऐकवते, मुलांना नाही. कापलात तर बाई बुळबुळीत होईल. त्याआधी मुलांशी चेंडू खेळताना तिची उडणारी तारांबळ मात्र पूर्ण दाखवा. प्रयत्न करते, जमत नाही, एवढं दिसलं की तो संवाद खटकत नाही.

आणि हो, प्रयोगासाठी मूळ हक्कधारकांची परवानगी घ्या. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात लावणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल.