चित्रकला चांगली, म्हणून आर्किटेक्चर?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली, तेव्हापासून सगळे म्हणतात, हिला आर्किटेक्ट करा. तिलाही हौस आहे. पण यात ती रमेल का, हे आधी कसं ओळखावं?
– एक पालक, देवगड

उत्तर : ए ग्रेडचं कौतुक करा, पण निर्णय त्या ग्रेडवर नको. सुबक रेघ काढायला आता कॉम्प्युटर आहे. मापाशी झटापट करायचा कंटाळा येतो की नाही, ते बघायचं.

सुट्टीत तिला तुमचंच घर मोजायला सांगा. ५ मीटरचा टेप, ए३ कागद, स्केल १:५०, म्हणजे १ मीटरला २ सेंमी. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू आणि एक कर्ण मोजायचा. जुन्या घरात काटकोन गृहीत धरायचा नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते.

पहिला नकाशा बहुतेक जुळत नाही. आतून घेतलेल्या मापांची बेरीज आणि बाहेरून मोजलेली लांबी यांत फरक पडतो. ओळीत तीन खोल्या असतील तर मधल्या दोन आणि टोकांच्या दोन, अशा चार भिंती येतात. जांभ्याची भिंत गिलाव्यासकट ३० सेंमी धरली, तरी त्या विसरल्या की १.२ मीटर गायब. कागदावर २४ मिमी. इथे लक्ष ठेवा. ती टेप घेऊन परत उठते, की खोडरबरने रेघ सरकवून नकाशा ‘जुळवते’? सरकवत असेल तर या धंद्यात त्रास आहे. तिथे चुकलेली रेघ चिरा चढल्यावर कळते.

जुळला की सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल तसा छेद, काढू दे : अंगण, पडवी, ओटी, माजघर, प्रत्येक पायरीची उंची. छपराच्या उतारासाठी वाशाखाली १ मीटरची पट्टी आडवी धरून तेवढ्यात वासा किती चढतो ते मोजायचं. मग विचारा, वळचण एवढी खाली का? पावसाची झड भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून, हे तिला तिचं तिलाच सुचलं, तर माझ्या मते ते ए ग्रेडपेक्षा मोलाचं.

एखाद्या आर्किटेक्टकडे आठवडाभर बसायला मिळालं तर उत्तम, आणि साइटवरही जाऊ द्या. दिवसाचा बराच वेळ घरमालक, कंत्राटदार आणि परवानगीच्या कागदांत जातो. चित्रं काढत बसायचं स्वप्न असेल तर ते तिथेच उतरेल.

बाकी व्यवहाराचं. बी.आर्क. ५ वर्षांचा आहे. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय १९७२च्या कायद्याप्रमाणे नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही हवेत. तिने गणित सोडून बायोलॉजी घेतलं असेल, तर घर मोजण्याआधी कॉलेजात जाऊन विषय बदलून मिळतो का, ते विचारा.