पालकाच्या क्रोमॅटोग्राफीत (अर्कातले रंग कागदावर वेगळे करायचा प्रयोग) चारऐवजी पाच पट्टे आले, एक राखाडी आहे. सर म्हणतात खोडून टाक. जर्नलमध्ये दाखवू की नको?

दाखव. शेजारी आरएफ (द्रावण जितकं वर चढलं त्याच्या किती हिस्सा तो पट्टा चढला, तो आकडा) लिही आणि नाव लिही: फिओफायटिन. (बारावीला आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग नको.)

एवढ्या तावातावाने सांगतोय, कारण हाच पट्टा मला नडला होता.

आमचं ज्युनिअर कॉलेज अमळनेर-पारोळ्याकडचं. फेब्रुवारीतली प्रॅक्टिकल. पालक आमच्याच मळ्यातला, आदल्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणलेला. हॉर्लिक्सची बरणी, बुचाला खोचलेली टाचणी आणि तिला लटकवायची फिल्टर पेपरची पट्टी, एवढाच सरंजाम. साडेदहाला पाला ॲसिटोनमध्ये घोटून गाळला आणि तेवढ्यात एक्स्टर्नलना (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) जेवायचं बोलावणं आलं. खान्देशात थंडीचा पाहुणा आला की भरीत ठरलेलं. कोणाच्या तरी शेतात वांगी भाजून तयार, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पट्टीवर अर्काचा ठिपका त्यांच्या डोळ्यांदेखत द्यायचा होता, म्हणून आम्ही वाट बघत बसलो. दोन तास. माझा अर्क तेवढा वेळ खिडकीतल्या चंचुपात्रात, वर वॉच ग्लास झाकून, उन्हात.

साहेब आले, सुपारी चघळत. मी केशनळीने ठिपका दिला, वाळवला, त्यावरच परत दिला, असं दहा-बारा वेळा. मग पट्टी बरणीतल्या द्रावणात लटकवली: नऊ भाग पेट्रोलियम ईथर, एक भाग ॲसिटोन. पट्टी उतरवली तर केशरी-पिवळं कॅरोटीन पार वर पळालेलं, मधे पिवळं झँथोफिल, त्याखाली निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि सगळ्यात खाली पोपटी क्लोरोफिल बी. आणि कॅरोटीन-झँथोफिलच्या मधोमध, चुलीतली राख बोटाने ओढावी तसा एक पट्टा. मी मोजला. आरएफ ०.८ च्या आसपास.

"हे काय?"
"पाचवा पट्टा, सर."
"पुस्तकात किती आहेत?"
"चार."
"मग हा मळ आहे. खल धुतला नव्हतास तू."

पाचपैकी दोन.

शेजारच्या माझ्या दोस्ताने ठिपकाच द्रावणात बुडवला होता. त्याचा सगळा हिरवा रंग बरणीच्या तळाशी उतरला. त्याने शांतपणे कोऱ्या पट्टीवर रंगीत पेन्सिलीने चार पट्टे काढले, ओळीने, अगदी जर्नलसारखे. पाचपैकी पाच. तो आजही भेटला की या गोष्टीवर हसतो, मला अजून हसू येत नाही.

घरी आईला सांगितलं की हिरव्याचं राखाडी झालं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "भाजीमा चिच टाकी का हिरवा रंग जासच ना." सातवीपर्यंत शिकलेली बाई. तिने जे एका वाक्यात सांगितलं ते पुस्तकाच्या भाषेत असं: क्लोरोफिलच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. पान चिरडलं की पेशींमधलीच आम्लं मोकळी होतात, मॅग्नेशियमला हुसकावतात आणि त्या जागी दोन हायड्रोजन बसतात. हिरवेपणा गेला, राखाडी फिओफायटिन उरलं. ऊब आणि वेळ मिळाला की हे आणखी जोरात चालतं. म्हणजे साहेबांनी ज्याला मळ म्हटलं, तो त्यांच्या भरिताचा वेळ होता. (पाला आदल्या दिवशीचा होता, हेही कबूल करतो. सगळा दोष भरिताला देत नाही. निम्मा देतो.)

आता मी एका औषध कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला) आहे, दिवसभर एचपीएलसी, म्हणजे यंत्रावरची क्रोमॅटोग्राफी. तिथे क्रोमॅटोग्रामवर (यंत्राने काढलेल्या आलेखावर) अनोळखी पीक, म्हणजे उंचवटा, आला तर बॅच अडकते. तो कुठून आला याचा कागदोपत्री छडा लागेपर्यंत सुटका नाही. 'मळ आहे' असं लिहिलं तर मलाच बाहेर काढतील. आणि शाळा-कॉलेजात आपण पोरांना नेमकं उलटं शिकवतो: जे दिसलं ते खोड, जे छापलंय ते काढ. जर्नल ही आपल्याकडे वर्षानुवर्षं उतरवून काढायची पोथी झाली आहे, हे माझं ठाम मत.

ज्या मिखाईल त्स्वेतने १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं, तोही वनस्पतीशास्त्रज्ञच. काचेच्या नळीत खडूची पूड ठासून त्यातून पानांचा अर्क सोडायचा. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थ 'रंग'. मार्क्लेव्स्की नावाच्या नामांकित रसायनतज्ज्ञाने त्याच्यावर सडकून टीका केली. त्स्वेत १९१९ मध्ये गेला. क्रोमॅटोग्राफीला नोबेल मिळालं १९५२ साली, मार्टिन आणि सिंज यांना. तुझी कागदाची पट्टी त्यांच्या घराण्यातली.

हां, पट्टा टाळायचा कसा, ते राहिलंच. पाला त्याच दिवशीचा घे, घोटताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाक म्हणजे आम्ल मरतं, आणि लगेच ठिपका दे. फळ्यावरचा खडू चालेल असं समजू नकोस, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो. विड्याच्या पानाला लावायचा चुना तर मुळीच नको, तो जास्त तिखट, क्लोरोफिलचीच मोडतोड करतो. जवळपास स्पिरिटचा दिवा नको, ईथर भसकन पेटतं.

आणि इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात आहेत, हेही मला कळतं. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांच्यासमोरच ताज्या पाल्याची एक आणि शिळ्या अर्काची एक, अशा दोन पट्ट्या चालवून दाखव. आमच्या वेळी कोणी तेवढा वेळ दिला नाही.