रामसर 'करार' की रामसर 'परिषद'?

प्रश्न असा आहे: लोणार सरोवर 'रामसर परिषदेच्या यादीत' गेल्याचे एका बातमीत वाचले, दुसऱ्या बातमीत 'रामसर करार' होता. बरोबर काय? आणि 'नागोया प्रोटोकॉल'मधल्या प्रोटोकॉलला मराठीत काय म्हणावे?

बरोबर 'करार'. घोळ 'रामसर कन्व्हेन्शन' या इंग्रजी नावातल्या 'कन्व्हेन्शन' या शब्दाचा आहे. लॅटिनमध्ये त्याचे मूळ 'एकत्र येणे'. त्यामुळे जमलेल्या सभेलाही तेच नाव आणि सभेत जे ठरले त्यालाही तेच. १९७१च्या फेब्रुवारीत इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी देशोदेशीचे प्रतिनिधी जमले, ती परिषद. पाणथळ जागांबद्दल तिथे जे ठरले, तो करार. परिषद उठली, मंडळी घरी गेली. २०२० साली लोणार यादीत आले ते कराराच्या. (रामसर म्हणजे 'रामाचे सरोवर' असे मला बरीच वर्षे वाटायचे!)

'तह' का नको? तहाआधी लढाई लागते. पुरंदर, सालबाई आठवा. 'करार' मूळचा अरबी, त्यात स्थिरावण्याचा, पक्के ठरण्याचा भाव आहे. कौल-करार ही जोडी तर आपल्याकडे जुनीच.

प्रोटोकॉलची गंमत वेगळी. सरकारदरबारी त्याला राजशिष्टाचार म्हणतात. पाहुण्यांना कोणी आणायला जायचे, कोण कुठे बसणार, वगैरे. पण 'नागोया राजशिष्टाचार' लिहिले तर जपानमध्ये कमरेत किती वाकावे याचे नियम वाटतील! १९९२च्या जैवविविधता कराराने तत्त्वे सांगितली. एखाद्या वनस्पतीपासून औषध काढून कोणी नफा कमावला, तर ती वनस्पती जिथली, तिथल्यांना त्यातला वाटा कसा मिळावा, हा तपशील २०१०मध्ये नागोयात ठरला. जनुकीय बदल केलेल्या सजीवांच्या सीमापार ने-आणीबद्दलचा २०००चा कार्टाजेना प्रोटोकॉलही त्याच कराराला जोडलेला.

ग्रीकमध्ये प्रोटोकॉल म्हणजे पपायरसच्या गुंडाळीला डिंकाने डकवलेले पहिले पान. आपल्याकडे परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने पुरवणी बांधतात. म्हणून मी 'पुरवणी करार' लिहितो. 'पूरक करार'ही चालेल, पण त्यात तो दोरा दिसत नाही.

जाता जाता: करारात सामील झालेल्या देशांना (इंग्रजीत 'पार्टीज') 'पक्ष' म्हणू नका, 'पक्षकार' म्हणा. 'पक्षांची परिषद' म्हटले की आपल्याला निवडणूकच आठवते.