आधी एक स्पार मोड

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबतची आकडेमोडही. दोन वर्षांत तुझ्या ग्लायडरचा, त्या बिनइंजिनाच्या विमानाचा, एअरफॉइल म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार पाच वेळा बदललास, लाकूड की फायबरग्लास हे अजून ठरलेलं नाही, आणि आता मला विचारलंयस, "नक्की कुठलं बरोबर?" मला माहीत नाही, बाळा. एक स्पार, म्हणजे पंखातला भार पेलणारा मुख्य दांडा, बांध आणि मोड. मग बोलू.

हो, मुद्दाम मोडायचा. स्पार उलटा करून मुळाशी, म्हणजे पंख धडाला जोडतो तिथे, पक्का आवळ. वाळूची पोती मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी अशी रचत जा. टोक किती वाकलं ते दर थराला लिहून ठेव. नियमातली मर्यादा वजनाच्या ५.३ पट भाराची, सुरक्षेसाठी तिच्या दीडपट म्हणजे जवळपास ८. तिथवर टिकला म्हणून थांबू नकोस, कडाडून जाईपर्यंत पोती चढव. लाकूड ताण जास्त सोसतं, दाब कमी. उडताना दाब स्पारच्या वरच्या पट्टीवर येतो, म्हणून ती जाड ठेवतात. हे तुला पाठ आहेच. तो आवाज मात्र पाठ करता येत नाही.

राइट बंधूंचं १९०१ चं ग्लायडर हिशेबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, द्यायला लागलं. त्यांना आधी त्यांच्याआधी ग्लायडर उडवणाऱ्या जर्मन लिलिएन्थालच्या लिफ्टच्या तक्त्यांचा संशय आला. मोठी खोट निघाली स्मीटनच्या गुणकात, म्हणजे हवेच्या जोराचा हिशेब करायच्या आकड्यात, जो सगळे पिढ्यान्‌पिढ्या मुकाट वापरत आले होते. ती सापडली कशी? दोघांनी खोक्यासारखा वाऱ्याचा बोगदा बनवला आणि दोनशेच्या आसपास आकार स्वतः तपासले. १९०२ चं ग्लायडर त्यातून आलं.

"माझ्यामागे कारखाना नाही" असं पुन्हा लिहू नकोस. जर्मनीतल्या डार्मश्टाटचं डी-३६ ग्लायडर १९६४ साली उडालं, ते विद्यार्थ्यांनी बांधलेलं होतं. त्यांतल्या वायबेल, लेम्के, होलिगहाउस यांच्यामागे कारखाने नंतर लागले.

आता माझं. मी स्पार मोडला नाही. निवडक लाकूड एका पंखापुरतंच होतं, ते पोत्यांखाली घालायला जीव झाला नाही. हिशेब तीनदा तपासला होता, चूकही नव्हती. आजही नाही, हवं तर वही पाठवतो. ग्लायडर अकरा वर्षं उडालं, कुणाला खरचटलंही नाही. पण जोराचं थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, लागलं की मी त्यातून बाहेर पडायचो. बरोबरची मंडळी ढगाच्या तळापर्यंत जायची आणि मी खाली फिरत राहायचो. हवेला घाबरतो म्हणायचे. हवेला नव्हतो घाबरत. मुळाजवळचा एक सांधा डोक्यातून जायचा नाही, एवढंच.

लाकूड नव्हतं हे अर्धंच खरं. हलक्या प्रतीच्या लाकडाचा निम्म्या लांबीचा तुकडाही चालला असता.

आणि हो, एकदा मोडून कायमचं सुटलो असंही नाही. ब्लानिक नावाचं धातूचं ग्लायडर हजारोंनी बनलं, दशकानुदशकं शिकाऊ मुलं त्यावर उडाली. २०१० मध्ये ऑस्ट्रियात एकाचा पंख हवेत तुटला. स्पारच्या धातूला थकव्याची चीर होती.

तेव्हा सहावा एअरफॉइल मला पाठवू नकोस. तुटलेल्या जागेचे जवळून फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे. आणि पोती रचताना खाली पाय घालू नकोस.